त्रिमितीय आकारांची नावे पाठ आहेत, पण वस्तू हातात दिली की सगळेच ‘गोल’ आणि ‘चौकोनी’ : काय करावे?

प्रश्न : खानापूर तालुक्यातील शिक्षिका

नमस्कार. मी बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. तिसरी आणि चौथी हे वर्ग माझ्याकडे एकत्र बसतात आणि दोन्ही मिळून पटावर १९ मुले आहेत. गेल्या आठवड्यात त्रिमितीय आकारांचा पाठ पूर्ण झाला. फळ्यावर चित्र काढून विचारले की सगळा वर्ग एका सुरात ‘घन’, ‘शंकू’, ‘वृत्तचिती’ असे म्हणतो, त्यामुळे पाठ चांगला जमला असे मी समजत होते.

नंतर मी टेबलावर खडूचा खोका, गोटी, पत्र्याचा डबा, भोवरा आणि तांदूळ मोजायचे मापटे मांडले, एकेका मुलाला पुढे बोलावले आणि जी वस्तू तो उचलेल ती पाठमोऱ्या बसलेल्या मित्राला नाव न घेता सांगायला लावली. गोटी गोल, डबा गोल, मापटे गोल, भोवराही गोल, आणि खोका चौकोनी, याच्या पलीकडे कोणी गेले नाही. एका मुलीने आडव्या खोक्याला इष्टिकाचिती म्हटले, पण मी तोच खोका उभा करताच ‘आता ह्यो खांब झाला’ असे तिने सांगितले. कडा आणि कोपरे मोजायला सांगितले तर चित्रात दिसतात तेवढेच मोजले गेले. खोक्याची मागची बाजू कोणी फिरवून पाहिली नाही.

भाषेचीही अडचण आहे. मुले घरी मराठी बोलतात, बाजारात कन्नड ऐकतात, आणि काहींची मोठी भावंडे कन्नड माध्यमात आहेत. त्यामुळे ‘आयत घन’, ‘अंचु’, ‘शृंग’ हे शब्द त्यांच्या कानावर पडलेले असतात. महाराष्ट्रातून कोणीतरी आणून दिलेल्या कार्यपुस्तिकेत ‘इष्टिकाचिती’, ‘कड’, ‘शिरोबिंदू’ असे शब्द आहेत. पृष्ठ म्हणजे बाजू या अर्थाने ‘या वहीला किती पृष्ठे आहेत?’ असे मी विचारले, तेव्हा एका मुलाने शेवटचे पान उघडून पाहिले आणि ‘शंभर’ असे उत्तर दिले. त्याचे काही चुकले असे मला म्हणता आले नाही.

वृत्तचितीला पृष्ठे दोन मानायची की तीन, यावर माझे आणि माझ्या सहकारी बाईंचे एकमत होत नाही. आणि पाठ संपताना एका मुलाने विचारले, ‘बाई, मग भाकरी बी वृत्तचितीच काय?’ मी ‘उद्या सांगते’ म्हणून वेळ मारून नेली. अजून सांगितलेले नाही. नावे आधी द्यावीत की वर्णन आधी करवून घ्यावे, कोणते शब्द वापरावेत, आणि विकतचा संच नसताना हे कसे शिकवावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया लिहावे.

उत्तर १ : निवृत्त मुख्याध्यापक, निपाणी

बाई, आपल्या मुलांनी जे सांगितले ते मराठीला धरूनच आहे. आपल्या भाषेत ‘गोल’ हा शब्द ताटाला चालतो, चेंडूला चालतो, खांबाला चालतो आणि बांगडीलाही चालतो. ‘चौकोनी डबा’ असे आपण मोठी माणसेही म्हणतो, पण चौकोन हे त्या डब्याच्या एका बाजूचे नाव आहे, डब्याचे नव्हे. म्हणजे मूल वस्तू हातात घेते, तिची एक बाजू पाहते आणि त्या बाजूचे नाव सगळ्या वस्तूला देऊन मोकळे होते. पुस्तकातले चित्र याला मदतच करते, कारण कागदावरचा घन उलटून पाहता येत नाही. चित्रातल्या घनाची एकच बाजू चौरस दिसते आणि बाकीच्या तिरप्या दिसतात, त्या तिरप्या बाजूसुद्धा चौरसच आहेत हे मुलाने केवळ आपल्या शब्दावर मान्य करायचे असते.

माझा अनुभव असा आहे की नाव शेवटी द्यावे. मी पहिले आठ-दहा दिवस एकही पारिभाषिक शब्द उच्चारत नसे. एका जुन्या उशीच्या अभ्र्यात वस्तू घालायची, एका मुलाने आत हात घालून, न पाहता, फक्त बोटांना जे कळते ते सांगायचे आणि बाकीच्यांनी ओळखायचे. अट एकच असे : ‘गोल’ आणि ‘चौकोनी’ हे शब्द बंद. पहिल्या दिवशी वर्ग अक्षरशः मुका होतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून मात्र जे शब्द बाहेर पडतात, ते ऐकून आपल्यालाच नवल वाटते. गोटीला ‘गरगरीत’, ताटलीला ‘वाटोळी नि चपटी’, पाइपाच्या तुकड्याला ‘नळकांडे’, भोवऱ्याला ‘खाली निमुळता’, खोक्याला ‘ठोकळा’ हे सगळे शब्द मुलांनी घरातून आणलेले असतात. शाळेने ते फक्त विचारलेले नसतात. ‘निमुळता’ हा शब्द ज्या मुलाला येतो, त्याला शंकू आणि वृत्तचिती यांतला फरक आधीच कळलेला असतो. आपण त्या फरकाला नाव तेवढे द्यायचे.

पिशवीतल्या वस्तू ओळखण्याची ही कल्पना माझी नव्हे. माँटेसरी पद्धतीत ती आहे, आणि महागडी साधने परवडत नाहीत म्हणून आसपासच्या वस्तूंतून साधने उभी करण्याचा मार्ग बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी बोर्डीला घालून दिला, तो खेड्यातल्या शाळेला आजही पुरतो. त्याही आधी, १८३७ साली जर्मनीत बालकांची शाळा सुरू करणाऱ्या फ्रोबेलने मुलांच्या हाती देण्याच्या साधनांत लाकडाचा गोल, घन आणि वृत्तचिती असा संच ठेवला होता. त्यातली एक गंमत अवश्य करून पाहा. घनाच्या एका बाजूच्या मध्यभागी दोरा चिकटवून तो टांगा, दोऱ्याला पीळ द्या आणि सोडा. गरगर फिरणारा घन मुलांना नळकांड्यासारखा दिसतो. ‘आता ह्याचे कोपरे कुठे गेले?’ एवढे विचारून गप्प बसावे.

दुसरा खेळ उताराचा. एक फळी विटेवर टेकवून तिरकी करा आणि प्रत्येक वस्तू सोडून पाहा. गोटी कशीही सोडली तरी घरंगळते; डबा आडवा असेल तर घरंगळतो, उभा असेल तर सरकतो किंवा तसाच राहतो; खोका कसाही ठेवला तरी सरकतोच; आणि कागदाचा शंकू जमिनीवर आडवा ढकलला तर सरळ न जाता टोकाभोवती फेरी मारतो. शंकूची ही फेरी पाहिलेले मूल पुढे शंकू आणि वृत्तचिती यांची गल्लत करत नाही, असे मी निदान माझ्या वर्गापुरते तरी खात्रीने सांगू शकतो.

सामानासाठी वेगळे कुठे जायला नको. आमच्या निपाणी-संकेश्वर भागात गुऱ्हाळावरची गुळाची ढेप मिळते, ती जरूर दाखवा. मुले तिला आधी नळकांडे म्हणतात, मग नीट पाहून ‘एका बाजूला बारीक हाय’ असे सांगतात. वर्णन करण्याची गरज अशाच वस्तूंमुळे निर्माण होते. नमुनेदार वस्तूच दाखवल्या तर नाव पुरते आणि वर्णन खुंटते. अगदी साध्या वृत्तचितीसाठी मात्र खडू पुरे.

डच शिक्षक पिएर व्हॅन हिले आणि त्यांच्या पत्नी डीना यांनी १९५७ साली भूमितीच्या आकलनाच्या पायऱ्या मांडल्या. पहिल्या पायरीवर मूल आकार एकंदर दिसण्यावरून ओळखते, आणि दुसऱ्या पायरीवर गुणधर्मांवरून. आपली ती मुलगी उभ्या खोक्याला खांब म्हणाली, ती पहिल्या पायरीवर आहे. तिला दुसऱ्या पायरीवर नेण्याचे काम व्याख्या सांगून होत नाही. तोच खोका तिनेच दहा वेळा उलटा-पालटा करून प्रत्येक वेळी बाजू मोजाव्या लागतात.

उत्तर २ : प्राथमिक शिक्षक, हुक्केरी तालुका

गुरुजींचे म्हणणे पटते, परंतु दोन शंका आहेत. पहिली म्हणजे वेळ. १९ मुलांपैकी प्रत्येकाने पिशवीत हात घालून वर्णन करायचे म्हटले तर एका तासात सहा-सात मुलेच होतात आणि बाकीची कंटाळून दंगा करतात. दुसरी म्हणजे मूल्यमापन. प्रश्नपत्रिकेत चित्र असते आणि खाली नाव लिहायचे असते. ‘निमुळता’ लिहून गुण मिळत नाहीत. आमच्या शाळेत मी नावांचा तक्ता भिंतीवर लावतो आणि रोज म्हणून घेतो, त्याने निकाल तरी नीट लागतो.

शिवाय, ‘गोल’ या शब्दावर बंदी घालणे मला योग्य वाटत नाही. पुढे त्याच मुलाला ‘गोल’ हे त्रिमितीय आकाराचे नाव म्हणून शिकवायचे आहे. आज बंद केलेला शब्द उद्या आपणच परत द्यायचा, यात मुलांचा अधिक गोंधळ होईल.

पुन्हा उत्तर १ : निवृत्त मुख्याध्यापक, निपाणी

वेळेची शंका रास्त आहे. मी चार पिशव्या करून चार गट बसवत असे आणि प्रत्येक गटात एक चौथीचे मूल प्रमुख असे. जोडवर्गाचा एवढा तरी फायदा घ्यावा. तक्त्याला माझा विरोध नाही, तो शेवटच्या आठवड्यात लावावा इतकेच. बंदीबद्दल मात्र आपला मुद्दा बिनतोड आहे, त्यावर मलाही पुन्हा विचार करावा लागेल.

उत्तर ३ : पॅटर्नमेकर, उद्यमबाग, बेळगाव

मी शिक्षक नाही. उद्यमबागेतील एका फाउंड्रीसाठी, म्हणजे लोखंड ओतण्याच्या कारखान्यासाठी, लाकडी पॅटर्न (ज्यावरून वाळूत साचा उठवतात ते नमुने) बनवण्याचे काम २२ वर्षे करतो आहे, आणि माझी मुलगी तिसरीत आहे, म्हणून ही चर्चा वाचली. लिहावे की नाही असे वाटत होते, पण ‘गोल’ शब्दाबद्दल आमच्या कामात एक रीत आहे, ती सांगतो.

आमच्याकडे ग्राहकाकडून ड्रॉइंग येते. त्यात एकाच वस्तूची समोरून, वरून आणि बाजूने अशी तीन चित्रे असतात. आपल्याकडच्या पद्धतीत वरून दिसणारे चित्र समोरच्या चित्राच्या खाली काढतात. नवीन पोरगा कामाला लागला आणि ‘हा पार्ट गोल आहे’ असे म्हणाला, की आमचे जुने मिस्त्री एकच विचारत : ‘कुठून गोल?’ त्या दोन शब्दांत सगळे आले. चेंडू समोरून, वरून, बाजूने, कुठूनही गोल. डबा वरून गोल, पण समोरून आयत. शंकू वरून गोल, समोरून त्रिकोण. त्यामुळे शब्द बंद न करता, जो कोणी ‘गोल’ म्हणेल त्याला ‘कुठून गोल?’ असे विचारावे असे मला वाटते. ‘चौकोनी’लाही तेच. मी घरी मुलीला हे विचारू लागलो, तर दोन दिवसांत ती मलाच विचारू लागली. चहाचा कप दाखवून ‘पप्पा, ह्यो कुठून गोल?’ म्हणाली, आणि कान धरून तो बाजूने कसा दिसतो ते वहीत काढूनही दाखवले.

रात्री वीज गेली की बॅटरीने भिंतीवर सावली पाडण्याचा खेळही आम्ही करतो. बॅटरी लांब ठेवावी आणि वस्तू भिंतीजवळ सरळ धरावी. पडद्याआड कोणती वस्तू आहे हे सावलीवरून सांगायचे. वर्तुळ दिसले तर चेंडू असेल, आपल्याकडे तोंड केलेला डबा असेल किंवा शंकूसुद्धा असेल. मग पाहणाऱ्याने ‘फिरव’ म्हणायचे आणि दुसरी सावली पाहून ठरवायचे. एका सावलीवर कोणी पैज लावू नये, हे पोरांना लगेच समजते.

गुरुजींच्या एका वाक्यावर नम्रपणे बोलतो. खडूला त्यांनी साधी वृत्तचिती म्हटले आहे, पण साच्यातून काढलेला खडू नीट पाहिला तर एका टोकाला किंचित जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक असतो. दोन खडू उलटसुलट शेजारी ठेवले की चटकन कळते. गुळाची ढेपही तशीच. आमचे पॅटर्नही तसेच असतात. पॅटर्न वाळूत दाबून परत वर काढायचा असतो, आणि त्याच्या बाजू अगदी सरळ उभ्या ठेवल्या तर तो निघताना वाळूची भिंत मोडतो; म्हणून बाजूंना थोडा उतार द्यावा लागतो, त्याला आम्ही ड्राफ्ट म्हणतो. खडू साच्यातून निघावा, ढेप भांड्यातून निघावी आणि पॅटर्न वाळूतून निघावा, या तिन्हींचे कारण एकच आहे. घमेल्यात घमेले आणि बादलीत बादली बसते तीही या उतारामुळेच. वर्गात ‘आकार कोणता’ याच्या जोडीला ‘आकार असा का केला असेल’ हेही विचारावे, एवढीच माझी विनंती आहे. आमच्या धंद्यात आकाराला कारण नसेल तर लाकूड फुकट जाते.

(ड्रॉइंगमधल्या मापाचाच पॅटर्न केला तर वस्तू लहान निघते, कारण ओतलेले लोखंड निवताना आकसते. बिडासाठी (ओतीव लोखंडासाठी) आम्ही मीटरमागे साधारण १० मिलिमीटर जास्त धरतो आणि त्यासाठी मुद्दाम लांब आखलेली पट्टी वापरतो. हे तिसरीच्या मुलांसाठी नव्हे, पण अशी ‘खोटी’ पट्टी असते हे ऐकून माझ्या मुलीला फार मजा वाटली, म्हणून लिहिले.)

उत्तर ४ : माध्यमिक शाळेतील गणित शिक्षक, बेळगाव

‘कुठून गोल?’ हा प्रश्न मी आजपासून दहावीच्या वर्गातही वापरणार आहे. खडूची आणि ढेपेची जी आकृती पॅटर्नमेकर दादांनी सांगितली, तिला आम्ही दहावीत ‘शंकुछेद’ म्हणतो आणि बादलीत किती लिटर पाणी मावेल यावर गणिते घालतो. ती तशी का असते हे मात्र मी आजवर एकाही वर्गाला सांगितले नव्हते.

आता बाईंच्या शब्दांच्या प्रश्नाकडे वळतो. ‘इष्टिकाचिती’ हा शब्द उच्चारायला जड आहे, पण तो फोडला तर आपल्या खानापूरच्या मुलांइतका सोपा दुसऱ्या कोणाला जाणार नाही. इष्टिका म्हणजे वीट आणि चिती म्हणजे रचून केलेला ढीग. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे ११५० सालच्या ग्रंथात, ‘चितिव्यवहार’ नावाचे एक प्रकरणच आहे आणि त्यात रचलेल्या विटांच्या ढिगाचे घनफळ, विटांची संख्या आणि थरांची संख्या काढायची रीत दिली आहे. (भास्कराचार्यांचे गाव विजापूरकडचे की चाळीसगावाजवळचे, हा वाद सीमाभागातल्या माणसांनी तरी उकरून काढू नये.) वीटभट्टीवर वाळायला रचलेल्या विटांचा ढीग तुमच्या मुलांनी पाहिलेला आहे. तीच इष्टिकाचिती.

मग ‘वृत्तचिती’ म्हणजे वर्तुळांचा रचलेला ढीग. रुपयाची दहा नाणी एकावर एक ठेवून दाखवा. आणि त्या मुलाला निःसंकोच सांगा की भाकरी हीसुद्धा एक थराची, अगदी बुटकी वृत्तचितीच आहे. पाटीवर काढलेले वर्तुळ उचलता येत नाही, भाकरी उचलता येते, तिला जाडी आहे. द्विमिती आणि त्रिमिती यांतला फरक याहून चांगल्या उदाहरणाने मला सांगता येणार नाही. त्याच ‘लीलावती’त धान्याच्या राशीचेही प्रकरण आहे. जमिनीवर ओतलेल्या राशीच्या परिघाचा सहावा भाग घेऊन त्याचा वर्ग करावा आणि त्याला उंचीने गुणावे, की घनफळ मिळते. आजच्या सूत्राशी ताडून पाहिले तर उत्तर थोडेसेच जास्त येते, कारण तिथे π (पाय) ३ धरलेला आहे. मळणीनंतर खळ्यावर पडलेली भाताची रास हा आपल्या भागातला शंकू, वाढदिवसाच्या टोपीच्या चित्रापेक्षा कितीतरी ओळखीचा.

‘पृष्ठ’ म्हणजे पान, हा त्या मुलाने केलेला अर्थ मला फार आवडला. इथे कन्नड आपल्या मदतीला येते. कन्नडमध्ये पृष्ठाला ‘मुख’, कडेला ‘अंचु’ आणि शिरोबिंदूला ‘शृंग’ म्हणतात. मुख म्हणजे तोंड हे मराठी मुलालाही कळते आणि खोक्याला सहा तोंडे असतात हे त्याला पटते. शृंग म्हणजे शिंग. जे बोटाला टोचते ते. कन्नड शब्द अडचण म्हणून टाळण्यापेक्षा मराठी शब्दाच्या शेजारी ठेवावेत, म्हणजे मोठ्या बहिणीच्या वहीतले आणि आपल्या वहीतले एकच आहे हे मुलांना समजते. परीक्षेत मात्र आपल्या पाठ्यपुस्तकात असेल तोच शब्द लिहायचा, हे त्यांना स्पष्ट सांगावे.

वृत्तचितीच्या पृष्ठांबद्दल आपण दोघीही आपापल्या जागी बरोबर आहात. ‘सपाट पृष्ठे’ विचारली तर दोन, आणि वक्र पृष्ठ धरले तर तीन. म्हणून नुसता आकडा न विचारता ‘सपाट किती, वक्र किती’ असे विचारावे. वृत्तचितीला दोन सपाट, एक वक्र, दोन वर्तुळाकार कडा आणि शिरोबिंदू नाही. शंकूला एक सपाट, एक वक्र, एक कड आणि एक टोक. गोलाला एकच वक्र पृष्ठ, कड नाही, टोक नाही. मोठ्या वर्गांत जेव्हा शिरोबिंदू आणि पृष्ठे यांची बेरीज कडांपेक्षा दोनने अधिक असते हा नियम येतो, जो गणितज्ञ ऑयलरने १७५० साली दुसरा गणितज्ञ गोल्डबाख याला पत्रातून कळवला होता, तेव्हा तो सपाट पृष्ठांच्या आकृत्यांवरच तपासायचा असतो. घनाला ८ आणि ६ मिळून १४, कडा १२. नियम जुळतो. वृत्तचितीवर तो लावू गेलो तर जुळत नाही आणि मुले ‘सर, चुकलं’ म्हणतात. त्याचे बीज तिसरीतच ‘सपाट’ आणि ‘वक्र’ वेगळे न सांगण्यात असते.

खोके उलगडण्याची कृती आपण केली नसेल तर करा. पेस्टचा किंवा औषधाचा खोका कडेकडेने कापून सपाट पसरायचा. चिकटवण्याच्या जादा पट्ट्या आधी कापून टाकाव्यात, नाहीतर मुले सहाऐवजी नऊ बाजू मोजतात. याला मराठी पुस्तकांत ‘घडणी’ म्हणतात. पुढे चौकटीच्या कागदावर सहा चौरसांच्या वेगवेगळ्या मांडण्या करून कोणत्या मांडणीतून घन होतो ते दुमडून पाहता येते. अशा एकंदर ११ घडणी आहेत. चौथीच्या मुलांना हा आकडा सांगू नका, त्यांना शोधू द्या. माझ्या आठवीच्या वर्गाची मजल एकदा नऊपर्यंत गेली होती आणि उरलेल्या दोन मिळेनात म्हणून मधली सुट्टी कोणी घेतली नाही.

पुन्हा प्रश्नकर्ती : खानापूर तालुक्यातील शिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण मध्ये दिवाळीची सुट्टी होती आणि सुट्टीआधी जे करून पाहिले ते पूर्ण होऊ द्यायचे होते.

‘कुठून गोल?’ हा प्रश्न पहिल्याच दिवशी वर्गात इतका गाजला की आता मी काहीही बोलले तरी मागच्या बाकावरून तो येतो. ‘कुठून चौकोनी?’ हेही आपोआप सुरू झाले. खोक्याला खांब म्हणणाऱ्या मुलीने तो खोका तिन्ही प्रकारे उभा-आडवा करून वहीवर ठेवला, कडेने पेन्सिल फिरवून तीन वेगवेगळे आयत काढले, आणि प्रत्येक आयताची जोडी खोक्यावर शोधून तीन दुणे सहा असा हिशेब स्वतः मांडला. मला तिला मागची बाजू मोजायला सांगावे लागले नाही.

गुरुजींच्या सूचनेप्रमाणे गट केले आणि हुक्केरीच्या सरांच्या सूचनेप्रमाणे तक्ताही लावला, पण तक्त्यावर चित्रांच्या जागी मुलांनी आणलेल्या वस्तू दोऱ्याने टांगल्या. त्यामुळे चाचणीत चित्राखाली नावे लिहिताना बहुतेकांना अडचण आली नाही. शंकूच्या जागी ‘भोवरा’ लिहिणारे दोघे निघाले.

आकाशकंदिलाचा एक प्रयोग आमच्या हातून आपोआप घडला. बांबूच्या कामट्यांचे सहा सारखे चौरस बांधून, ते कोपऱ्याला कोपरा जोडून मुलांनी सांगाडा केला. जोडून झाल्यावर मध्ये त्रिकोण तयार झालेले पाहून मुलेच चकित झाली, कारण त्रिकोण कोणी बांधलेलेच नव्हते. मोजले तर चौरस ६, त्रिकोण ८, कामट्या २४ आणि गाठी १२. बेळगावच्या सरांचा नियम मी गुपचूप लावून पाहिला : १२ आणि १४ मिळून २६, कडा २४. जुळला. मुलांना अजून सांगितलेला नाही, पण मला स्वतःला त्या संध्याकाळी फार आनंद झाला.

भाकरीच्या प्रश्नाचे उत्तरही दिले. नाणी रचून दाखवली आणि भाकरी ही बुटकी वृत्तचिती आहे असे सांगितले. विचारणाऱ्याचे समाधान झाले, पण त्याच्या शेजारच्याने हात वर करून ‘बाई, फुगल्यावर न्हाई’ असे सांगितले. ते मान्य करावे लागले.

आता एक नवीन गोष्ट. सुट्टीनंतर एका मुलाने त्यांच्या जुन्या घराची उतरवलेली नळीची दोन कौले आणली. दोन्ही समोरासमोर जोडली की नळकांडे होते, हे त्याने घरीच शोधले होते. कुंभार पूर्वी चाकावर नळी घडवून ती उभी चिरून दोन कौले करत असत, हे त्याला आजोबांनी सांगितले. नळी एका तोंडाला रुंद आणि दुसऱ्या तोंडाला अरुंद आहे, म्हणून मी पॅटर्नमेकर दादांचे कारण आठवून ‘साच्यातून निघावी म्हणून’ असे म्हणाले. तो म्हणाला, ‘न्हाई बाई, चाकावर साचा नसतोय.’ मग त्याने एका कौलाचे अरुंद तोंड दुसऱ्याच्या रुंद तोंडाखाली सरकवले आणि ओळ कशी लागते, पाणी आत का येत नाही, ते टेबलावर मांडून दाखवले.